छावणीच्या मैदानातली वर्धा नदी

मातीकाम करणाऱ्या बायकांचे किस्से नखांत साचतात. कितीही हात धुवा, थोडे उरतातच! परवा लेकीकडं पाण्यावरून बोलणं निघालं आणि मी जी सुरू झाले, ती चहा गार झाला तरी थांबले नाही.

हिंगणघाटच्या बाहेर, वणा नदीच्या काठी, तेव्हा नदीच्या सर्व्हेची छावणी पडली होती. महाराष्ट्र व्हायच्या आधीचे दिवस, आपण मध्य प्रदेशात होतो आणि नदीचा खालचा, राजुऱ्याकडचा मुलूख हैदराबाद राज्यात. नदी एक, मालक दोन! वरचे म्हणत, पाणी आम्ही अडवणार. खालचे म्हणत, मग आम्ही काय प्यायचं? छावणीचे तरुण इंजिनिअर बक्षी साहेब, त्यांनी यावर तोड काढली. अख्खी वर्धा नदी, तिला मिळणारी वणा, काठची गावं, सगळं मातीचं लहान करून मैदानात मांडायचं. त्यात खरं पाणी सोडायचं आणि दोन्हीकडच्या लोकांना समोर बसवून दाखवायचं. त्यांना पटलं तर पाण्याची वाटणी होणार. नाही पटलं तर छावणी उठणार आणि भांडण तसंच राहणार.

त्यासाठी चुली घालणाऱ्या, भिंती सारवणाऱ्या बायका हव्या होत्या. मी आणि माझी शेजारीण गयाबाई गेलो. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण वर्धा नदी या हातांनी घडवली आहे, आणखी कोणी घडवली असेल तर सांगा!

* * *

पहिलं पाणी सोडायच्या आधी गयाबाईनं खणानारळानं नदीची ओटी भरली. साहेब पंपापाशी होते, त्यांना कळलंच नाही. पाणी सुटलं, आणि वणा वर्धेला मिळते तिथं येऊन तुंबलं. फुगत फुगत मागं आलं आणि हिंगणघाटात शिरलं!

साहेब नकाशा उलटा धरून बघतात, सुलटा धरून बघतात. "इथे तर काहीच अडथळा नाही!"

ओव्हरसियर मानकर गुडघ्यांवर बसले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नकाशात नाई साहेब. नारळ हाये!"

* * *

एक नियम मात्र आमचा होता. मॉडेलवरून टांग टाकून कोणी जायचं नाही. लहान असली म्हणून काय झालं, नदी ती नदी!

साहेब एकदा घाईत सरळ पलीकडं गेले. गयाबाई ओरडली, "साहेब, काऊन असे जाऊन राह्यले? डोंगा मांगवू का?"

त्या दिवसापासून साहेब अख्ख्या खोऱ्याला वळसा घालून जेवायला जात.

* * *

पाण्याची धार कशी वाहते ते दिसावं म्हणून साहेब वरून लाकडाचा भुसा टाकत. एकदा भुसा संपला. मी म्हटलं, "ज्वारीच्या लाह्या टाका, तरंगतेत." टाकल्या. पांढरीशुभ्र धार अशी सळसळत निघाली की साहेबांनी टाळ्या वाजवल्या!

ते पेन्सिल आणायला तंबूत गेले आणि इकडं चिमण्यांचा थवा उतरला. साहेब परत येऊन बघतात तर पाण्यावर काही नाही.

"धार कुठे गेली?"

मी वर बोट दाखवलं. "उडून गेली साहेब!"

* * *

मग एकदा पुराची चाचणी घेतली. पूर आला, पण कागदावर बुडणारी गावं बुडेचनात! साहेब डोकं धरून बसले. शेवटी दुर्बीण लावून एकेका गावाची उंची मोजायला घेतली. गयाबाईचं माहेर बोटभर वर. माझं माहेर त्याहून वर. जिच्या हाती माहेरचं गाव आलं, तिनं ते उचलून ठेवलेलं! बाई आपल्या हातानं माहेर बुडवेल का?

साहेब चिडले, "सगळ्यांनी गावं वरच केली?"

"एक खाली हाये साहेब," गयाबाई म्हणाली. खरंच, एक गाव पार खड्ड्यात होतं. पूर नसतानाही त्यात पाणी!

"हे कोणी केलं?"

मानकर पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, "माझी सासुरवाडी हाये जी."

सगळी गावं उकरून, मापानं पुन्हा बसवली. अशी बसवली की साहेबांची दुर्बीण पुन्हा कुरकुरली नाही!

* * *

आणि मग दाखवायचा दिवस आला. दोन्ही राज्यांचे अधिकारी खुर्च्यांवर. वरच्या गावांच्या वतीनं वडनेरकडचे नारायण पाटील, खालच्यांच्या वतीनं राजुऱ्याकडचे मारोतराव. दोघं एकमेकांचे व्याही, पाटलांची सुमन मारोतरावांची सून. पण पाण्यापायी बोलणं तुटलेलं. पाटील जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून भेटीला जाताना आपल्या विहिरीची कळशी गाडीत नेणारा माणूस!

साहेबांनी मधल्या बांधाचं पत्र्याचं दार पाटलांच्या हाती दिलं. "पाटील, हवं तेवढं अडवा."

पाटलांनी दार पार खाली दाबलं. वरची शेतं भरली. खालची नदी बारीक झाली, तुटली, थांबली.

"झालं! आमचं रान भिजलं," पाटील म्हणाले. "मले पटलं."

अधिकारी एकमेकांकडं बघू लागले.

मारोतराव उठले, मॉडेलला वळसा घालून खालच्या टोकाला गेले आणि कोरड्या काठावरच्या एका गावावर बोट ठेवलं.

"व्याही, हे सुमनचं घर. तुमी आमच्या घरचं पाणी पेत नाई, तो तुमचा रिवाज. पण लेकीले तरी पिऊ द्यान!"

पाटील उकिडवे बसले आणि दार उचललं. पाणी मोकळं झालं, वळण घेत घेत सुमनच्या गावापर्यंत गेलं.

साहेब हसून म्हणाले, "बस पाटील, एवढं पुरे."

पाटलांनी दार आणखी वर ओढलं.

"थांबा जी साहेब. तिच्याकडं म्हशीबी हायेत."