नुसते ओठ

गणपतीच्या आरतीला तो नेहमी पहिल्या रांगेत उभा असायचा. डोळे मिटलेले, टाळ्या अगदी तालात आणि ओठ शब्दाशब्दाला हलताहेत. कुठलं कडवं कुठल्या कडव्याच्या आधी येतं, यात आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा दरवर्षी घोळ व्हायचा. याचा कधीच झाला नाही. फक्त अगदी जवळ जाऊन कान दिला तर कळायचं, की आवाज येतच नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, आरतीला नसेल तर राष्ट्रगीताला असेल, जरा बघून ठेवा. मी त्याला पाच-सहा वर्षं बघत होतो आणि माझं मत पक्कं झालं होतं, की हा माणूस देवाच्या कामातसुद्धा अंग चोरतो.

माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला निवृत्त होईपर्यंत वाटत असे. निवृत्तीनंतर तर तसं वाटायला वेळही भरपूर मिळाला.

तो रिक्षा चालवायचा. पेडगावच्या बाजूची पोरं परभणीच्या शाळेत आणायची आणि संध्याकाळी परत सोडायची, हे त्याचं काम. वय चाळिशीच्या आत, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर घाम पुसायची दस्ती. आवाज घोगरा आणि बोलणं मोजकं. पोरं त्याला काका म्हणत. मी 'अहो रिक्षावाले' म्हणायचो आणि तो मला 'सर' म्हणायचा. परभणीत मला सगळेच सर म्हणतात, तेव्हा त्यात काही वेगळं असेल असं माझ्या मनात आलं नाही.

निवृत्तीनंतर शहाणी माणसं सकाळी फिरायला जातात. मी नाटक लिहिलं. संगीत बालनाट्य, आणि तेही इथलं नाही, थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडचं. तिथे म्हणे लहान पोरांना धुरांड्यात उतरवून काजळी साफ करून घेत. नाव ठेवलं 'धुरांड्यातली पोरं'. त्यात बारा गाणी होती आणि सगळ्यांच्या चाली माझ्याच. मी हैदराबादच्या पलीकडे कधी गेलेलो नाही, पण नाटककाराला त्याची गरज नसते असं त्या दिवसांत मी भेटेल त्याला सांगत होतो. आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या पाच सभासदांपैकी तिघांनी विचारलं, की हे परभणीत कोण बघणार. उरलेले दोघे म्हणजे मी आणि माझी बायको, आणि ती त्या दिवशी काही बोलली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मी पोरांची ऑडिशन ठेवली. वीस भूमिका आणि साठ-पासष्ट पोरं. माझी तयारी जंगी होती. गळ्यात मफलर, पुढ्यात वही आणि वहीत चार रकाने: सूर, ताल, उच्चार, चेहरा. टेबलावर एक पितळी घंटी होती. मुख्याध्यापक शिपायाला बोलवायला जशी वाजवतात तशी. ती मी पोरांना थांबवण्यासाठी आणली होती.

आधी मी भाषण केलं. त्या काळी गरिबांच्या पोरांना शाळा नव्हती, अंधारात उठून आईबापाबरोबर कामाला जावं लागे, थंडीत कुडकुडत झोपडीत राहावं लागे, असं सगळं हातवारे करून सांगितलं. मध्येच पेडगावकडच्या एका पाचवीतल्या मुलीने हात वर केला. "सर, आमी बी जातो की ऊसतोडीला, टोळीसंगं. पाचटाच्या कोपीत राहतो. लय थंडी राहती. औंदा मला आजीपशी ठिवलंय." मी म्हणालो, "बरं बरं, पण हे इंग्लंडातलं आहे," आणि भाषण पुढे चालू केलं. हे आठवलं की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

तो पोरांना सोडायला आला होता. परत न जाता दारातच बसला. आधी पोरांच्या चपला जोडीने लावल्या आणि मग ऐकत राहिला. पहिल्या पोराने दोन ओळी गायल्या आणि मी घंटी वाजवली. "पुढचा."

दारातून आवाज आला, "पुरं होऊ द्या की, सर."

मी म्हणालो, वेळ नाही. दुसऱ्या पोराच्या वेळी मी घंटी वाजवली, तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्याच्या वेळीही. तो भांडत नव्हता, चहाला बोलवावं तितक्या साधेपणाने म्हणत होता. बाराच्या सुमाराला अशी वेळ आली, की मी घंटी वाजवली की रांगेतली पोरंच एका सुरात म्हणायला लागली, "पुरं होऊ द्या की, सर." त्या दिवसभरात सुरात झालेलं गाणं तेवढंच.

दुसऱ्या रविवारी घंटी टेबलावर नव्हती. मी शिपायावर संशय घेतला, तसं त्याला बोलूनही दाखवलं आणि दिवसभर पेन्सिल आपटत बसलो. पेन्सिल कुणाला ऐकू गेली नाही. पोरं आपापली गाणी पूर्ण गाऊन खाली बसली.

त्या दुपारी सहावीतला एक जाड आवाजाचा पोरगा उभा राहिला. त्याच्या पहिल्याच ओळीला खिडकीतले पारवे उडाले. मी त्याला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला आणि तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं माझं वाक्य त्याला दिलं. "तुला समूहात घेतो हं बाळ. पण गायचं नाही. तू नुसते ओठ हलव." या वाक्याचा मला अभिमान होता. पोराचं मन मोडत नाही आणि गाणंही बिघडत नाही. नव्या शिक्षकांनाही मी ते शिकवलं होतं.

तो दारातून उठला आणि टेबलापाशी आला. दस्ती हातात घेतलेली. पोराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "सर, तेवढं सांगू नका त्याला."

"का?"

"ते राहतं."

"काय राहतं?"

"मग ओठच हालतेत, सर. आवाज निघत न्हाई."

मग त्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं. तो माझ्याच हाताखाली शिकला होता. सहावीत असताना सव्वीस जानेवारीच्या समूहगीतात तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला उभा होता. तालमीत मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि हेच वाक्य बोललो होतो. आमच्या गाण्याचा पहिला नंबर आला. त्याचं प्रमाणपत्र त्याच्या घरी फ्रेम करून लावलेलं होतं. बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. "पयला नंबर आला हुता आपला," हे त्याने इतक्या कौतुकाने सांगितलं, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मला तो आठवेना. खरं सांगतो, मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तिसऱ्या रांगेतली पोरं मला कधीच आठवत नाहीत. आरतीला अंग चोरणारा म्हणून ज्याला मी नावं ठेवत होतो, तो बिचारा माझंच ऐकत होता.

त्या जाड आवाजाच्या पोराला मी पाचही कडवी गाऊ दिली. चौथ्या कडव्यापर्यंत त्याचा आवाज सुधारला असं लिहिलं तर छान दिसेल, पण सुधारला नाही. पाचव्या कडव्याला मात्र तो हसत होता. त्याला मी धुरांडी साफ करवून घेणाऱ्या मुकादमाची भूमिका दिली आणि ती त्याला चांगली शोभली.

चूक कळली की ती लगेच दुरुस्त करून मोकळं व्हायचं, हा माझा मास्तरकीतला दुसरा दोष. पुढच्याच आठवड्यात मी त्याला दुपारी एकट्याला हॉलवर बोलावलं. आल्याबरोबर म्हणाला, "आता अहो नका म्हणू, सर. अरे म्हणा." मी त्याच्यासाठी नाटकात नवी भूमिका लिहिली होती. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत जाणारा माणूस, आणि त्याचं चार ओळींचं गाणं. दोनदा गाऊन दाखवलं. त्याला ते लगेच पाठ झालं. मग मी पेटीवर सूर धरला.

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, एकूणएक शब्द बरोबर. आवाज नाही. मी सूर खाली घेतला, आणखी खाली घेतला. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, थंडीच्या दिवसांत कपाळाला घाम आला, पण आवाज नाही. शेवटी त्याने डोळे उघडले आणि दस्तीने तोंड पुसलं.

"जाऊ द्या, सर. रिक्षाचं बी असंच राहतं. लय दिवस उभी ठिवली की मग लवकर सुरू होत न्हाई."

मला रडू आलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पेटीवर डोकं टेकून रडलो. त्याने विचारलं, पाणी आणू का. दिवे लावणाऱ्याचं पान मी नाटकातून काढून टाकलं.

तालमी सुरू झाल्या. प्रॉम्प्टरचं काम माझ्याकडे होतं आणि माझं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. पण मार्च लागता लागता पोरं अडखळेनाशी झाली. माझी शिकवण्याची पद्धतच तशी, असं मी घरी जेवताना सांगितलंसुद्धा. मग एकदा नीट बघितलं. शब्द आठवला नाही की पोरं माझ्याकडे बघतच नव्हती. ती डाव्या विंगेकडे बघायची. तिथे पडद्याआड तो उभा असायचा, पोरांना परत न्यायला थांबलेला. बाराच्या बारा गाणी आणि वीसच्या वीस जणांची वाक्यं त्याला पाठ होती आणि त्याचे ओठ ती ठळक, सावकाश बोलत होते. आवाज मात्र अजिबात नव्हता. असा प्रॉम्प्टर मी जन्मात पाहिला नाही. आणि तो मीच घडवला होता.

प्रयोग एप्रिलात झाला. कपडेपट आम्ही लग्नाच्या बँडवाल्यांकडून आणला होता, लाल कोट आणि सोनेरी झालरी. परभणीच्या उन्हाळ्यात इंग्लंड घामाने भिजून गेलं. राणीच्या मुकुटाचा पुठ्ठा वाकला, दोन जणांच्या मिशा गळून पडल्या. सगळ्यात लहान धुरांडेवाल्या पोराचं काम मी पेडगावच्या त्या मुलीला दिलं होतं, कारण थंडी कशी असते हे आमच्यात फक्त तिलाच ठाऊक होतं. तिचं एकटीचं गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथे तिचे आईबाप बसले होते. दोघं पाच-सहा महिन्यांनी कारखान्यावरून नुकतेच परतले होते. ती गाता गाता थांबली. पेटी पुढे गेली, परत मागे आली. माझ्या तोंडून तर शब्दच फुटेना. मग तिने हळूच डावीकडे बघितलं. तो तिथे होता. त्याचे ओठ हलले, आणि तिने कडवं उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. तिच्या आईने पदर तोंडाला लावला होता.

जूनमध्ये तो पुण्याला गेला. मेव्हण्याने एका कंपनीच्या बसवर काम बघून दिलं होतं. जायच्या आदल्या दिवशी घरी आला, चहा घेतला आणि पिशवीतून पितळी घंटी काढून टेबलावर ठेवली. "ही घ्या, सर. रिक्षाच्या डिक्कीत हुती." कशी गेली ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिपायाची मात्र मी माफी मागितली. घंटी मी आता वाजवत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वाजवतो, पण गाणं संपल्यावर.

यंदा नवं नाटक बसवतोय, आणि पोरं अडली की अजून डाव्या विंगेकडेच बघतात. म्हणून तिथे मी उभा राहतो. पण मला ते जमत नाही. ओठ हलवले की आवाज निघतोच आणि पोरं हसतात. घरी आरशासमोर सराव केला, तर बायको म्हणाली, कुणाला शिव्या देताय. नुसते ओठ हलवणं किती अवघड असतं हे मला कुणी तरी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

परवा तालीम संपल्यावर पेडगावची ती मुलगी रिक्षाची वाट बघत पायरीवर बसली होती. नवे रिक्षावाले कसे आहेत म्हणून मी सहज विचारलं. म्हणाली, हॉर्न लय वाजवतेत. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जुने काका गाणं म्हणायचे."

मी म्हणालो, काहीतरीच काय. त्यांचा आवाज निघत नव्हता.

"निघायचा की, सर. मी सगळ्यात शेवटी उतरायची. रिक्षा रिकामी झाली की वळवून म्हणत जायचे. ते दिवे लावायचं गाणं. आपल्या नाटकात न्हाई ते."

ते गाणं मी दुसऱ्या कुणालाही शिकवलं नव्हतं. आणि मास्तरकी हाडात मुरलेली, मी काय विचारावं? मी विचारलं, "कसं म्हणायचे? सुरात?"

तिने जरा विचार केला.

"ते मला न्हाई कळत, सर. पर पुरं म्हणायचे."