परातीतलं ऑइल

आठवीतून शाळा सुटली आणि गावाकडच्या ओळखीवर अण्णांनी मला इकडे तमिळनाडूत, कुंभकोणमला त्यांच्या गलाईच्या दुकानात आणलं. जुनं सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचं, हे आमचं काम. अण्णांनी मला घरच्या पोरासारखं जेवू घातलं, भट्टीसमोर बसायला शिकवलं. पहिला धडा एकच होता, दुकानातलं काही टाकायचं नाही. झाडलेली धूळ, हात धुतलेलं पाणी, फाटकी फडकी, सगळं साठवायचं. त्यातूनही सोनं निघतं. तेरा वर्षं मी हेच करत आलोय.

गेल्या वर्षी अण्णांची जुनी गाडी ऑइल गाळायला लागली. सकाळी गाडी हलवली की खाली काळं थारोळं. गावातल्याच मेलकावेरी भागातल्या गॅरेजच्या मेस्त्रींनी गाडीखाली शिरून बघितलं, नवं ऑइल भरलं.

"ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग गेलं आहे. लांबवू नका."

हे मेस्त्री तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांची मराठी आम्हाला जुनाट वाटायची आणि आमची त्यांना उद्धट.

अण्णांनी लांबवलंच. रोज ऑइल बघायचं माझ्याकडे आलं. मी गाडीखाली एक जुनी परात सरकवून ठेवली. सकाळी तिच्यात साठलेलं ऑइल बघून जीव तुटायचा. एवढं टाकायचं? दुकानातल्या फडक्यातून गाळून मी ते परत इंजिनात ओतायला लागलो.

"ऑइल किती हाय रं?" अण्णा विचारायचे.

"फुल्ल हाय, अण्णा."

"बघ. मेस्त्री उगंच भ्या दाखवतोय. तुझं ध्यान असलं की मला घोर न्हाई."

गळालेलंच ऑइल परत ओततोय, हे पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं होतं. ही शाबासकी मिळाल्यावर सांगणं आणखी जड झालं. अण्णा यायच्या आत मी परात उचलून ठेवू लागलो.

मग एक दिवस पापनाशम्‌च्या रस्त्यावर गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. गाडी ओढून मेलकावेरीला आणली. मेस्त्रींनी चेंबर खोलला. ऑइल ओढून घेणारी जाळी काळ्या चिखलानं बुजली होती. चिखलात बारीक धागे होते.

"कसलं ऑइल घातलं होतं तुम्ही?" अण्णांनी मेस्त्रींवर आवाज चढवला.

"चांगलंच घातलं होतं," मेस्त्री म्हणाले.

"मग ही घाण काय आभाळातनं पडली?"

गॅरेजमधली माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. मेस्त्रींनी जाळीतला एक धागा काढला, बोटांत चोळला आणि माझ्या खांद्यावरच्या फडक्याकडे बघितलं.

"ते दे जरा, हात पुसतो."

मी दिलं. त्यांनी सावकाश हात पुसले, फडकं घडी घालून परत दिलं. मी ते घाईनं खिशात कोंबलं.

त्या रात्री मी ताटावरून तसाच उठलो. अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, दोनदा विचारलं, मी पोटाचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवायच्या आधी अण्णांसमोर सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता म्हणतील, बॅग भर.

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"काही टाकू नको, हे मीच शिकवलं तुला. पण फुल्ल हाय म्हणून सांगायला कुणी शिकवलं?"

त्यांनी काडेपेटी परत फळीवर ठेवली.

"चप्पल घाल. चल."

मेलकावेरीला कालचीच माणसं कामाला होती. सगळ्यांसमोर अण्णांनी हात जोडले. "मेस्त्री, चूक आमच्या दुकानाची हाय. काल नको ते बोललो."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मग मीच तोंड उघडलं. "चूक माझी हाय, मेस्त्री. गळालेलं ऑइल गाळून मीच ओतायचो."

"ठाऊक होतं," मेस्त्री म्हणाले. "काल म्हणायला हवं होतंस, इतकंच."

त्यांनी बसायला स्टूल पुढे केलं. अण्णा बसले. मी खोललेल्या इंजिनाशेजारी उभाच राहिलो.