आठही रक्तगटांत एकच नाव

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणणार नाही. किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत मी सगळ्याच्या याद्या करते. नोंद चुकली की शोधायची आणि चूक सापडतेच, हा माझा अनुभव... एक प्रसंग सोडून.

मी मिरजेत राहते. आमच्या रक्तदाता मंडळाचा कॉम्प्युटर मी सांभाळते. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ अशोक कोयनानगरहून इथे ऑपरेशनला आला. रक्तगट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती आणि रक्त हाताशी असल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नव्हते.

"आक्का, माझं नाव कुठल्या यादीत घातलंस?" कॉटवरून तो म्हणाला. "जाणाऱ्यांच्या का ऱ्हाणाऱ्यांच्या?"

"गप पड," म्हटलं आणि ऑफिस गाठलं.

आमच्याकडे काही माणसं दोन-दोन गटांत नोंदलेली असतात. त्यांना फोन करण्यात वेळ जाऊ नये म्हणून आधी क्वेरी लिहिली — एकाच फोन नंबरखाली एकापेक्षा जास्त रक्तगट असतील, त्या नोंदी दाखव. ढीगभर आल्या. त्यात नवल नव्हतं. शिबिरात अख्खी वस्ती एखाद्या फौजीच्या घरचा नंबर देते, कारण त्याच्या खुशालीसाठी तोच फोन कायम चालू असतो. म्हणून नाव आणि जन्मतारीखही जुळली पाहिजे, अशी अट घातली.

एकच माणूस उरला. आटपाडीकडचा मेंढपाळ... आणि तो आठही गटांत! प्रत्येक वेळी पेढीने तपासलेला, प्रत्येक पिशवी रुग्णाला चढलेली.

खरा गट विचारावा म्हणून फोन लावला. त्याच्या म्हाताऱ्या आईने उचलला.

"मिरजंस्नं बोलताय व्हय? त्यो सकाळीच निगालाय."

"पण त्यांना कळवलं कुणी?"

"कळवाय लागत न्हाई, बाई. ज्याला पायजे, त्येच्याजोगतं हुतंय त्येचं रगात." ती पुढे म्हणाली, "घ्या. दुसरं कोन हाय का तुमास्नी? पर लय दमलाय आता माझा ल्योक..."

मी पेढीत गेले तर तो बाकावर बसलेला, बाही वर सारून. रक्त मी दोनदा तपासायला लावलं. दोन्ही वेळा बी निगेटिव्ह. पिशवी चढली, अशोक वाचला.

यंदा अशोकने गावाकडे आमच्याच मंडळाच्या शिबिरात हौसेने रक्त दिलं. रिपोर्ट आला — ओ पॉझिटिव्ह. पुन्हा तपासलं, तेच. आमच्या यादीत त्याची जुनी नोंद बी निगेटिव्हची होती. मी क्वेरी चालवली. आता दोन नावं आली.

आटपाडीला फोन केला. म्हातारीचा आवाज मोकळा वाटला. "त्यो सुटला, बाई. आता कुटं जात न्हाई. मेंढरं राकतोय निवांत."

परवा दुपारी अशोकचा फोन. "आक्का, कुनाला लागतंय गं? एस्टीत हाय मी. कराड मागं पडलं."

"कुणालाही नाही. परत फिर."

"व्हय? मग मला उटवलं कुनी?"

एबी निगेटिव्हची मागणी संध्याकाळी आली. मी पेढीत पोचले तेव्हा अशोक त्याच बाकावर बसला होता... बाही वर सारून.