महागुरूंची दडवलेली खिडकी

आमच्या भाऊजींना ऑफिसात सगळे महागुरू म्हणतात. नाव चेष्टेने पडलंय, पण त्यांना ती पदवी वाटते, आणि खरं सांगायला कोण जातंय? माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आणि माझा वरिष्ठ, म्हणजे घरीही तेच आणि कामावरही तेच. दवाखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. ते लिहितात, मी तपासते. खुर्चीवर टॉवेल, टेबलावर स्वतःच्याच सत्काराचा फोटो, आणि चूक दाखवली की ठरलेलं उत्तर, "वापरणाऱ्याला अक्कल नसेल तर मी काय करू?" घरी गीझर स्वतः चालू ठेवतात आणि बोलणी ताई खाते.

तर खिडकीचं सांगते. आमच्या प्रोग्रामला पडद्यावर न दिसणारी एक खिडकी, म्हणजे कॉम्प्युटरची विंडो, आहे. तिने नुसते निरोप ऐकायचे. कॉम्प्युटर बंद व्हायला लागला की सगळ्या खिडक्यांना पुकारा करतो, बंद होतोय, आवरा. तो ऐकून ही खिडकी दिवसभराच्या नोंदी जपून ठेवायची. काम चोख होतं, नाही म्हणत नाही. पण कोणाला दिसणार नाही म्हणून या गृहस्थाने तिला नाव काय द्यावं? 'महागुरू'. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही.

एकदा काहीतरी बिघडलं आणि डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती खिडकी उघडी पडली. कोरी पांढरी चौकट आणि वर ठळक 'महागुरू'. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी फोन केला. "अहो, हे महागुरू कोण आलेत? त्यांचा नंबर लावू का?" फोन स्पीकरवर होता. अख्खं ऑफिस खिदळलं आणि भाऊजींचे कान लालबुंद झाले.

नाव खोडलं असतं तरी भागलं असतं. पण नाव खोडतील तर ते भाऊजी कसले! त्यांनी खिडकीचा प्रकारच बदलला. आता ती इतकी दडली की कोणी थेट तिलाच निरोप पाठवला तर तिला पोचायचा, सगळ्यांसाठीचा पुकारा मात्र पोचायचा नाही.

मग त्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी गायब व्हायला लागल्या. पेशंट समोर उभा आणि त्याचं नाव कुठेच नाही. भाऊजींनी डॉक्टरांना बेधडक सांगितलं, "तुमच्या बाईंना कॉम्प्युटर धड बंद करता येत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! डॉक्टरांनी बाईंना तंबी दिली, पुन्हा झालं तर घरी बसा. बाईंनी मला फोन केला. "ताई, मी रोज करते तसंच करते हो. घरात कमावणारी मी एकटी आहे."

मी तपासायला बसले. आधी प्रोग्राम बंद केला आणि मग कॉम्प्युटर, तर नोंदी शाबूत. प्रोग्राम उघडा ठेवून सरळ कॉम्प्युटर बंद केला, तर नोंदी साफ. मग निरोपांवर पाळत ठेवली. पुकारा बाकीच्या खिडक्यांना मिळत होता, फक्त महागुरूंना नाही. बाई रोज सरळ कॉम्प्युटरच बंद करायच्या, आणि तसं करायला हरकत नाही असं आमच्याच माहितीपत्रकात छापलेलं आहे.

"भाऊजी, खिडकी पहिल्यासारखी करा," मी म्हणाले. "आणि डॉक्टरांना फोन करून सांगा, चूक आपली होती."

"करतो गं. एवढं काय त्यात!"

खिडकी त्यांनी लगेच नीट केली. बदलांच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. खिडकीचं नाव तेवढं तसंच ठेवलं. मला वाटलं, फोनही केला असेल.

पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्यातून फोन आला, भाऊजींनी तो स्पीकरवर घेतला. आवाज अनोळखी होता. "सर, मी इथे नवीन आहे. तुमचं सॉफ्टवेअर मस्त चालतंय. आधीच्या बाई फार वेंधळ्या होत्या म्हणे, नोंदी घालवायच्या. म्हणून त्यांना काढलं."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल नीट केला आणि म्हणाले, "होत्याच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीचा नवरा म्हणून इतकी वर्षं गिळलं, त्याचीच आता किळस आली. ताईला काय वाटायचं ते वाटो. मी फोन माझ्याकडे ओढला.

"डॉक्टरांना द्या जरा," मी म्हणाले. "आणि आधीच्या बाईंचा नंबर असेल तर तोही द्या. महागुरू कोण, ते दोघांनाही सांगायचंय."