नत्थू वायरमनची सही

नत्थू शंभरकर कोणाच्याही घरात शिरला की आधी छताकडे पाहायचा, मग माणसांकडे. त्यात त्याचा दोष नव्हता, धंदाच तसा. पण मुलगी पाहायला गेला तेव्हाही त्याने तेच केलं. समोर सिंधू पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि हा आपला वर बघून राहिला. मुलीची आई घाबरली. तिला वाटलं पोरगी पसंत नाही. अर्ध्या तासाने नत्थूने तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, "मामी, त्या होल्डरची वायर उघडी हाय. पोरं-सोरं हात लावतील." आणि स्टुलावर चढून, काळी पट्टी गुंडाळून, खाली उतरून मग त्याने पोहे खाल्ले. सिंधूताई हे लग्नानंतर वीस वर्षं सांगत होती. म्हणायची, "माह्याआधी त्यानं होल्डर पसंत केला वं."

तो नागपुरातल्या इंदोऱ्याचा. बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. नत्थू पंधरा-सोळा वर्षांचा असताना, छप्पन सालच्या दसऱ्याला, सगळं घर दीक्षा घेऊन आलं, आणि बापाने पोराला सांगितलं की आता शिकून दाखव. नत्थूने वायरमनची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. लायसन हातात आलं त्या दिवशी बापाने ते सगळ्या वस्तीत फिरवलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही वाचायला दिलं. पुढे त्या लायसनाला नत्थूने जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि सदऱ्याच्या आत एक वेगळा खिसा शिवून घेतला. पैसे बाहेरच्या खिशात, लायसन आतल्या. यावरून माणूस ओळखा.

कामाला भारी कटकट्या. जोड मारला की दोनदा ओढून बघायचा, मग पट्टी गुंडाळायची, तीही अशी की जसं बाळंतिणीचं डोकं बांधून राहिला. लोक कंटाळायचे. दुसरा वायरमन दोन तासांत जे करायचा त्याला नत्थू सकाळपासून संध्याकाळ लावायचा. पण त्याने हात लावलेलं घर कधी जळालं नाही, म्हणून महाल भागातले सगळे दुकानदार त्याला शिव्या देत देत त्यालाच बोलवायचे.

आता वामनराव. महालात गल्लीच्या तोंडाशी 'अखंडसौभाग्य वस्त्र भांडार' म्हणून दुकान होतं, ते यांचं. शालू, साड्या, सतरंज्या, चादरी. दुकान लांबच लांब आणि खोल, भर दुपारी आत बोगद्यासारखा अंधार. त्यावर वामनरावांनी उपाय काढला होता चाळीस ट्यूबलाइटचा. समोरच्या दुकानात बत्तीस होत्या, म्हणून यांच्या चाळीस. समोरच्याने दोन वाढवल्या असत्या तर वामनरावांनी संडासातही चार लावल्या असत्या. त्यांचा हिशेब सरळ होता, जितका उजेड तितकी इभ्रत.

चौऱ्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. राज्यात विजेची बोंब. रोज कपात, आणि त्यात सरकारचा हुकूम निघाला की दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या, सगळ्यांनी आपापली वीज कमी करायची. दुकानाच्या आकाराप्रमाणे दिवे ठरवून दिले. वामनरावांच्या वाट्याला आले सोळा. बाकीचे नुसते बंद ठेवून चालणार नव्हतं, त्यांच्या तारा कापायच्या आणि तसं प्रमाणपत्र लायसनवाल्या वायरमनने स्वतःच्या सहीने द्यायचं. सही खोटी निघाली तर वायरमनचं लायसन गेलं, कायमचं.

वामनरावांनी हुकूम वाचला आणि त्यांना घाम फुटला.

"नत्थू, चोवीस ट्यूबा काढल्या तर लोक काय म्हणतील? वामनराव बुडाला म्हणतील."

"लोक काहीबी म्हणतील मालक. हुकूम सोळाचा हाय."

"अरे, तू नुसती सही कर नं. तारा मी पाहून घेतो."

"सही नुसती नसते जी," नत्थू म्हणाला आणि शिडी लावली. दिवसभर बसून चोवीस ट्यूबांच्या तारा कापल्या, प्रत्येक टोक बांधलं, खाली उतरला, हात धुतले, आणि मग प्रमाणपत्रावर पूर्ण नाव लिहून सही केली. बापाच्या नावासकट. त्याची सही वाचता यायची, हे त्या काळातही नवल होतं.

पुढच्या सोमवारी मी धोतरजोडी घ्यायला गेलो तर दुकानात दिवाळी. चाळीसच्या चाळीस ट्यूबा झगझगत होत्या. मी वामनरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता धोतराचा भाव आठ आणे कमी केला. मी समजूतदार माणूस आहे.

झालं होतं असं की रविवारी दुकान बंद ठेवून वामनराव आणि त्यांचा जुना सेल्समन लहानू, दोघं मिळून शिडीवर चढले होते. लहानूचं वय पन्नास, वजन त्याच्या दुप्पट. वामनराव शिडीच्या वर, लहानू शिडीच्या खाली, आणि दोघांनी मिळून कापलेल्या तारा परत जोडल्या. ही हकीगत लहानूनेच मला सांगितली, पण अर्धी. अर्धी कशी ती पुढे कळली.

तीन आठवडे निर्वेध गेले. लग्नसराईचे दिवस, दुकान ओसंडून वाहत होतं. एका सकाळी मी पुन्हा तिथेच बसलो होतो, कारण त्या दुकानात बसलं की सगळ्या नागपुरात कोणाचं कोणाशी जमतंय ते आपोआप कळायचं. तेवढ्यात चहावाला धावत आला.

"शेठ, इन्स्पेक्टर आला! मागच्या गल्लीत हाय, संगं नत्थूले घेऊन फिरून राहिला!"

वामनराव असे उठले जसं गादीला विस्तव लागला. "लहानू, काढ! चोवीस काढ!" लहानू शिडीवर. गरम ट्यूब हातात आली की तो 'हुश् हुश्' करत खाली द्यायचा. ठेवायच्या कुठे? शालूंच्या कपाटात मावेनात. शेवटी कोपऱ्यात उभ्या असलेल्या तीन सतरंज्या उलगडल्या, एकेकीत आठ-आठ ट्यूबा घातल्या आणि गुंडाळून परत कोपऱ्यात उभ्या केल्या. एक सतरंजी धरायला मला लावलं. मी धरली. धोतराचे आठ आणे मला आठवत होते.

विजेचे इन्स्पेक्टर रुपरावसाहेब आत आले. काटोलकडचा शेतकऱ्याचा पोरगा, मोठा शांत माणूस. मागे नत्थू, कारण प्रमाणपत्रावर सही त्याची. नत्थूने सवयीने वर पाहिलं आणि त्याच्या कपाळावर एक आठी पडली. पण खालून नीट दिसत नव्हतं.

साहेबांनी बोटाने मोजले. "सोळा. बरोबर हाय." वही मिटली. वामनरावांचा जीव भांड्यात पडला आणि तोंडातून निघालं, "चहा सांग रे!"

एवढ्यात दुकानात यमुताई शिरल्या. बेसा गावच्या. तेव्हा बेसा म्हणजे नुसती वावरं, आणि गाव त्या वावरांमध्ये. मुलगी प्रेमिला हिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. मागच्याच आठवड्यात शालू इथून नेला होता, आता पाहुण्यांना बसायला सतरंजी पाहिजे होती. लहानूने दहा दाखवल्या. यमुताईंनी दहाही बाजूला सारल्या. आता कापडदुकानात बाईमाणसाची एक रीत असते, पुढ्यात आहे ते नको, ठेवून दिलं आहे ते पाहिजे.

"ती कोपऱ्यातली दाखव गा."

"ती विकली मावशी."

"विकली त दुकानात काहून उभी हाय?"

"गिऱ्हाईक न्यायला येणार आहे."

"मग मी काय घेऊन पळून राहिली? पाहू त दे!" असं म्हणून त्यांनी स्वतःच सतरंजीला हात घातला, गादीवर आडवी केली आणि एक झटका दिला.

आठ ट्यूबा गादीवरून एकामागून एक घरंगळल्या. एक थेट साहेबांच्या बुटाला जाऊन टेकली.

वामनरावांना दुकानदाराची जीभ होती, ती काही थांबेना. "ही… ही भेट आहे! लग्नाच्या सतरंजीबरोबर आमच्याकडून ट्यूब भेट!"

यमुताई खूश झाल्या. "मग देऊन टाका. पण आमच्या घरी लाइट कुठं हाय?"

साहेब वाकले. ट्यूबला हात लावला. "वामनराव, भेट गरम काहून हाय?"

मग त्यांनी वही पुन्हा उघडली आणि वामनरावांना सोडून नत्थूकडे वळले. कायदाच तसा होता. "नत्थू, प्रमाणपत्रावर सही तुही हाय नं?"

"माहीच हाय साहेब."

"चोवीस तारा कापल्या म्हणून लिहिलं हाय. ह्या ट्यूबा आत्तापर्यंत जळून राहिल्या होत्या. लायसन काढ."

वामनराव छताकडे पाहायला लागले, आयुष्यात पहिल्यांदा. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर दंड त्यांना, दुकानाची वीज बंद, तीही लग्नसराईत. नत्थूने आतल्या खिशात हात घातला. लायसन निघालं, पण हातातून सुटेना.

"साहेब, एकडाव वर पाहून येतो."

"जाय."

नत्थू शिडी चढला. एका ट्यूबच्या फिटिंगचं झाकण उघडलं. आणि मग वरून असा आवाज आला की गल्लीतले लोक जमा झाले.

"साहेब, लायसन घेऊन जा! फाडून टाका! पण हा जोड माहा म्हणू नका! आईची आण, माह्या हातून असं काम मेल्यावरबी होणार नाही!"

खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात पट्टी होती. काळी नव्हती. सोनेरी होती, लखलखीत. वामनराव आणि लहानूने त्या रविवारी तारा जोडल्या खऱ्या, पण वायरमनची काळी पट्टी त्यांच्याकडे नव्हती, आणि बाजार बंद होता. कापडवाला माणूस बांधायला काय घेणार? समोर शालूच्या जरीकाठाचा तुकडा होता, तो घेतला. वीज आणणारी आणि नेणारी, दोन्ही तारांचे उघडे जोड त्या एकाच काठात गुंडाळून, वर छान गाठ मारली होती. लहानूने मला न सांगितलेली अर्धी हकीगत ती हीच.

साहेबांनी पट्टी हातात घेतली. "ही जर हाय का?"

"अस्सल!" वामनराव म्हणाले. चाळीस वर्षांची सवय हो, आपसूक निघतं.

नत्थू त्यांच्याकडे बघतच राहिला. "अस्सल? मालक, अस्सल जर म्हणजे चांदीची तार. दोन्ही तारा चांदीत गुंडाळल्या असत्या त बटन दाबल्याबरोबर फ्यूज उडला असता, नाही त दुकान पेटलं असतं. तीन हप्ते झाले, दिवे आरामात जळून राहिले. साहेब, ह्याच्यात चांदी सोडा, साधं लोखंडबी नाही. हे निव्वळ चकचकीत प्लास्टिक हाय."

यमुताईंनी साहेबांच्या हातातली पट्टी सरळ ओढली आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात नेली. उलटीसुलटी करून पाहिली. परत आल्या तेव्हा त्यांचा पदर कमरेला खोचलेला होता.

"ह्योच काठ माह्या प्रेमिलेच्या शालूले हाय. अस्सल म्हणून घेतला मी."

"ही आमच्या दुकानातली नाही!" वामनराव ओरडले.

"मग नत्थूच्या घरची हाय का?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "त्याच्या घरी शालूचे काठ कुठून येतील? ठरवा वामनराव. जोड तुमचा असंल त तसं सांगा. त्याचा असंल त मी त्याचं लायसन नेतो."

दारात आता पंधरा-वीस बाया उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यात आपापला शालू घोळत होता. यमुताईंची नजर नत्थूच्या खिशाकडे गेली. तिथे टेस्टर अडकवलेला होता.

"भाऊ, ते विजेचं पेचकस हाय नं? ते लावून कळते का जर खरी का खोटी? मग लाव त्या ढिगाले. एकेक शालू काढ. आम्ही बसतो."

आता नुसता टेस्टर साडीला लावून काहीच कळत नाही, हे नत्थूला ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं. वामनरावांना नव्हतं. आणि त्यांना ते कोणी सांगितलंही नाही. नत्थूने खिशातून टेस्टर काढला, सदऱ्याला पुसला आणि शालूंच्या कपाटाकडे एक पाऊल टाकलं. एकच.

"जोड माझा!" वामनरावांनी दोन्ही हात पसरून कपाट अडवलं. "मीच बांधला! चोवीसच्या चोवीस! लहानूला विचारा! साहेब, लिहून घ्या, मी सही करतो, पण त्याला ते खिशात ठेवायला सांगा!"

साहेबांनी लिहून घेतलं. दुकानाची वीज आठ दिवस बंद. यमुताईंचा शालू बदलून द्यायचं कबूल झालं, आणि नवा शालू त्यांनी पायरीवर उन्हात बसून दोन तास निवडला. लायसन नत्थूजवळच राहिलं. ते कव्हरमध्ये घालून त्याने आतल्या खिशात ठेवलं. आठ दिवसांनी नवं प्रमाणपत्र करायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मालक, मी सही करीन. पण ते जोड मी सोडणार नाही. मले पाहवत नाही ते." म्हणून वामनरावांना स्वतः शिडीवर चढून चोवीस गाठी सोडाव्या लागल्या. धोतर सावरत, खाली लहानू, आणि दारात अर्धा महाल. समोरच्या बत्तीसवाल्याने तर खुर्ची आणून टाकली होती.

पण गोष्ट बायकांत पसरली ती वेगळ्याच रूपाने. इंदोऱ्याचा एक वायरमन जर तपासतो, म्हणून लग्नघरच्या बाया शालू काखोटीला मारून नत्थूच्या दारात यायला लागल्या. नत्थू हात जोडून सगळ्यांना परत पाठवायचा, "माह्या लायसनात जरीचं काम लिहिलं नाही जी." तो सकाळी सायकल घेऊन कामावर गेला की सिंधूताई हळूच टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि वायरचा तुकडा घेऊन ओट्यावर बसायची. काठातून बल्ब पेटला तर जर खरी, बाई हसत घरी, नाही पेटला तर बाई तशीच तणतणत महालात. नत्थूला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता उठला. म्हणाला, "सिंधू, बंद कर हे. लायसन जाईल."

"तुमचं जाईल," सिंधूताई भाकर थापत म्हणाली. "माह्याजवळ त नाहीच."