सोनेरी पिशवी आणि बिनसाखरेचा चहा

रिटायर झालेल्या कारकुनाकडे दोन गोष्टी साठतात: पेनं आणि किस्से. पेनं पुढे चालत नाहीत. किस्से चालतात, फक्त नावं-गावं बदलावी लागतात. तेवढी बदलली आहेत.

सध्या मी जालन्यातल्या एका खासगी तपासणी केंद्राच्या काउंटरवर बसतो. इथे पैसे भरून शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल होतं; आणि सरकारी समुपदेशक सुनीता मॅडमकडे एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या मोफत. दार एकच, बाक एकच. कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळू नये, म्हणून ही सोय.

*

बंगलेवाले एक साहेब फुल बॉडी चेकअपला आले. एचआयव्हीची टेस्ट फुकट म्हटल्यावर बिथरले. "फुकटची नको, चांगलीवाली करा!"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, रक्त तुमचंच वापरणार आहोत."

*

धावड्याचा एक नवरा टेस्टला तयार होईना. "माझ्यावर संशय हाय का तुझा?"

बायको दंडावरचा कापूस दाबत म्हणाली, "मी आत्ताच करून आल्ते. तुमच्यावर घेतला का मी संशय? बसा जल्दी, एसटी निघून जाईल!"

*

आमच्या डॉक्टरांना मध्यंतरी मार्केटिंगचा झटका आला. पैसे भरणाऱ्यांना सोनेरी पिशवी, मोफतवाल्यांना खाकी. अर्ध्या तासात अख्ख्या बाकाला कळलं, कोण कशासाठी आलंय! वडीगोद्रीचे भानुदासराव गोळ्या न घेताच परत गेले.

मॅडमनी फोन केला. "काका, गोळीत खंड पडला तर आजार उसळतो."

"मॅडम, राजूरच्या व्याह्याला कळलं तर लेक माघारी येईल माझी. गोळी खाऊन काय करू?"

मॅडमनी खाकी गठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला. डॉक्टर कुरकुरले, "अहो, सोनेरी महाग पडते!"

"आणि खाकीपायी पेशंट गोळ्यांविना गेला, ते स्वस्त पडलं का?"

आता सगळ्यांना सोनेरीच, हे मॅडमनी कळवल्यावर भानुदासराव दुसऱ्या दिवशी आले. सोनेरी पिशवी काखेत मारून ऐटीत गेले.

*

भानुदासरावांनी बायको सोडून सगळ्यांना 'शुगर आहे' असं सांगून ठेवलंय. परिणामी सून बिनसाखरेचा चहा देते. "आजाराचं काही न्हाई मॅडम, पण त्या चहानं जीव जाऊन राह्यलाय!" म्हणून आमच्याकडे आले की समोरच्या टपरीवर जादा साखरेचा एक कप ठरलेला.

परवा मीही सोबत होतो. त्यांचा कप हातात आला, तोच मागून कुणी ओरडलं, "मला बी एक. साखर हात सोडून टाक!"

भानुदासराव वळले. मागे राजूरचे व्याही. काखेत सोनेरी पिशवी.

"पाव्हणं, तुम्ही इकडं?"

"शुगरची तपासणी. तुम्ही?"

"आम्ही बी. शुगरच."

तोवर व्याह्यांचाही कप आला. दोघे एकमेकांच्या कपाकडे बघत राहिले. मी टपरीच्या पत्र्याकडे बघितलं.

व्याही म्हणाले, "तुमची लेक लई कडक हाय, पाव्हणं. घरात साखरेचा एक दाणा देत न्हाई मला."

"देऊ नको म्हणावं. फक्त ह्या चहाचं तिला सांगू नका," भानुदासराव हळूच म्हणाले.

"बिलकुल न्हाई. मंग पुढच्या महिन्यात संगंच येऊ." व्याह्यांनी कप पुढे केला. "दोघांनाबी अजून एकेक! साखर बराबर टाक."