घरी नेलेले पेशंट

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदार कितीही गोड हसला तरी माझी नजर त्याच्या काट्यावर. त्यामुळं दोन हजार सालानंतर मला मिळालेली नोकरी माझ्यासाठीच काढली असावी, असं घरचे म्हणायचे. देशभरातल्या इस्पितळांच्या नोंदी गोळा करून उपचारानंतर पेशंटचं पुढं काय झालं, याचा अभ्यास चालला होता. आंबेगाव-जुन्नरच्या पेशंटच्या नोंदी, मग ते इथं दाखल झालेले असोत की पुण्यात, मंचरच्या एका खोलीत बसून मी कॉम्प्युटरवर भरायचो.

त्याच सुमारास आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन इथल्याच, मंचरच्या इस्पितळात करायचं की पुण्यात, यावर अवसरीच्या आमच्या घरात रोज वाद. थोरल्या भावाचा ओढा इथल्याकडंच. शेवटी तो मला म्हणाला, "तू रोज कागद बघतूस न्हवं? मग तूच सांग, आई कुठं जगंल." सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले.

नोंदी बघितल्या, तर इथल्या इस्पितळात मरणं जवळजवळ नाहीतच. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मात्र आपल्या भागातली कितीतरी माणसं गेलेली. भाऊ खूश झाला. मला वाटायला लागलं, कुठंतरी पाणी मुरतंय. इथला डॉक्टर मरणं लपवतोय, अशी माझी खात्रीच झाली. नोंदी आणायला गेलो की तो आग्रहानं चहा पाजायचा. तो चहासुद्धा मला खटकायला लागला.

नोंदी खऱ्या का, हे बघायला अधूनमधून पेशंटच्या घरी जावं लागे. तसा शिनोलीला गेलो. तिथला एक म्हातारा कागदावर 'नातेवाइकांच्या इच्छेवरून घरी' गेलेला होता. त्याची बायको अंगणात हिरडा वाळत घालत होती. आजोबा कसे आहेत, असं मी विचारलं.

"ते तर त्याच दिशी गेलं," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?" मी सरसावून विचारलं.

"सांगितलं व्हतं की! हलवू नका म्हनलं. आमीच ऐकलं न्हाई. धुगधुगी व्हती तवर जीपमधी घातलं. परक्या खाटंवर जीव जाऊ द्यायचा व्हय, पावणं? घरात आणलं, तोंडात पानी घातलं, मग गेलं."

पुढच्या घरी गेलो, त्याच्याही पुढच्या. तेच ऐकलं. डॉक्टरनं काहीच लपवलं नव्हतं. माणूस जाणार असं दिसलं की आम्हीच त्याला उचलून घरी आणत होतो, म्हणून इथल्या इस्पितळात कुणी मरत नव्हतं. पुणं लांब, वाटेतच जीव जाईल ही भीती, म्हणून तिथं नेलेला माणूस तिथंच राहायचा आणि तिथंच जायचा. डॉक्टरवरचा संशय गेला, तो त्या सगळ्या नोंदींवर जाऊन बसला. आणि मला फार भीती वाटली, कारण आईसाठी विचारायला आता दुसरं काहीच उरलं नव्हतं.

घरी येऊन मी म्हणालो, "पुण्यालाच नेऊ. तिथं अडीअडचणीला जास्त डॉक्टर असतात, रक्ताची सोय असते."

भाऊ भडकला. "तिथं मानसं मरत्यात हे तूच सांगितलंस ना राव!"

मी हट्ट सोडला नाही. ऑपरेशन पुण्यात झालं आणि नीट झालं. आई हिंडू-फिरू लागली, भाकरी मागू लागली, तसं डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एसटीचे धक्के बसू नयेत म्हणून भावानं गावातली जीप आणली आणि मागं गादी अंथरली.

आई आमच्या आधारानं जीपपर्यंत आली आणि थांबली. तिनं गादीकडं बघितलं, मग आळीपाळीनं आम्हा दोघांच्या तोंडाकडं. पाऊल काही उचलेना.

"आई, तू बरी झालीस. खरंच," मी म्हणालो.

"तुमच्या बापाला जीपमधी घालताना तुमी हेच म्हनला व्हता," ती म्हणाली.